मीटरभर उघडा पाइप

१

थंडीचा पहिला कडाका पडला की रेडिएटरमधली हवा काढायची, हे काम मारिटला लहानपणापासून येत होतं. निदान लोकांना ती तसं सांगायची. बॉयलर बंद करायचा, पाणी निवायला अर्धा तास थांबायचं, मग बॉयलरला सगळ्यात जवळच्या रेडिएटरपासून सुरुवात करायची, खालचा मजला आधी, वरचा नंतर. कडेला जो छोटा स्क्रू असतो त्याला किल्ली लावून पाव फेरा फिरवायचा. फुस्स करून हवा निघते. हवेमागून पाणी आलं की लगेच बंद. खाली वाटी आणि फडकं धरायचं, कारण ते पाणी काळंकुट्ट असतं आणि त्याचा डाग भिंतीवरून जात नाही. मारिटच्या घरात असे तीन डाग होते. तिन्ही तिचेच.

काम्पेन या डच गावातल्या त्या बारा घरांच्या ओळीत नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात सगळीकडे हेच चाललं असणार. मारिटकडे रेडिएटर सात. सातवा हिस्केच्या खोलीत.

हिस्के म्हणजे तिची मुलगी, पाच महिन्यांची. तिची दिवसाची झोपायची खोली तळमजल्यावर, पुढच्या दारातून आत आलं की लगेच डावीकडे. घराचा जिना शिडीसारखा उभा. झोपलेलं मूल खांद्यावर टाकून दिवसातून चारदा तो चढण्यापेक्षा पाळणाच खाली आणलेला बरा, असं मारिटनं ठरवलं होतं. रात्री हिस्के वर, आईच्या उशाशी. दिवसा इथे, आणि शेजारच्या टेबलापाशी मारिट. औषधांच्या खोक्यात घडी घालून जो कागद येतो, त्याचं ती जर्मनमधून डचमध्ये भाषांतर करायची. या कामानं तिला एक वाईट खोड लागली होती. कशाकडेही बघितलं की हजारातून एखाद्यालाच होणारा त्रास तिला सगळ्यात आधी आठवायचा, आणि तो एखादा म्हणजे आपणच, याबद्दल तिची खात्री असायची.

त्या मंगळवारी तिनं सातांची हवा काढली, बॉयलरला पाणी भरलं, दाबाचा काटा दीडवर आणला आणि तासाभरानं प्रत्येक रेडिएटरवरून तळवा फिरवला. सहा छान तापले होते. सातवाही तापला होता, पण सगळा नाही.

रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा आहे. खालून गार असेल तर गाळ साचलाय. हे कुणीही सांगेल. हा वरही गरम होता आणि खालीही. फक्त मध्ये, जमिनीपासून दोन विती उंचीवर, दोन जागा बर्फासारख्या गार होत्या. शेजारी शेजारी.

मारिट फरशीवर बसली. डावा तळवा तिनं डाव्या जागेवर टेकवला, उजवा उजव्या जागेवर. दोन्ही हात बरोबर बसले. बोटांसकट.

२

"गाळ," वाउटर फोनवर म्हणाला.

तिचा नवरा सहा आठवडे ओमानच्या किनाऱ्यावर, गाळ उपसणाऱ्या बोटीवर होता. अशा माणसाला जगातल्या प्रत्येक अडचणीच्या बुडाशी गाळच दिसतो.

"मधोमध? आणि फक्त दोनच ठिकाणी?"

"कुठेही साचतो. नाहीतर तू हवा भरलीस. नळी बॉयलरला लावायच्या आधी पाण्यानं भरून घेतलीस ना? रिकामी लावली तर नळीतली सगळी हवा आत जाते. गेल्या वर्षी काय झालं होतं आठवतं ना?"

"घेतली भरून."

"नक्की?"

विचारेपर्यंत नक्की होतं. आता नव्हतं.

"मारिट, तू म्हणतेस हात ठेवला. तू म्हणतेस बोटं बसली. काल किती झोपलीस?"

"चार तास. तुकड्यातुकड्यानं."

"मग!"

"मग काय? चार तास झोपलेल्या बाईच्या हाताला गार लागत नाही?"

तो हसला. तिकडे मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "हे बघ, पाइपांचा दोष असूच शकत नाही. ऑगस्टमध्ये तीन शनिवार मी घराखालच्या पोकळीत पाइपांना फोम गुंडाळत रांगत होतो, विसरलीस? कोपराची सालटं गेली माझी. घराखाली आता वीतभरसुद्धा पाइप उघडा नाही. जेवढं पाणी तापवतो तेवढी ऊब वर येते. सगळीच्या सगळी!"

"हो रे, माहीत आहे. फोटो काढून आईला पाठवलेस तू."

"पाठवण्यासारखंच काम होतं."

फोन ठेवून तिनं पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवली. इथल्या प्रत्येक घरात ती असते. जाड लोकरी पिशवी घालायची, झाकणाचं तोंड खाली करायचं, मुलापासून हातभर लांब ठेवायची. सकाळी भरली तर दुपारपर्यंत टिकते. मारिटनं वीस मिनिटांनी हात लावून बघितला तर बाटली गार. झाकण सैल असेल, पाणी कोमट भरलं असेल, चार तास झोपलेल्या बाईकडून काहीही होऊ शकतं. पुन्हा उकळतं भरली. तिसऱ्या वेळेला घड्याळ समोर ठेवून बसली.

अठरा मिनिटं. आणि बाटली सगळीकडून एकदम निवली नव्हती. रेडिएटरच्या बाजूनं गार होत आली होती.

मग टकटक सुरू झाली. त्याचंही कारण तिला ठाऊक होतं. तापताना पाइप फुगतो, निवताना आकसतो, लाकडाला घासतो आणि टकटकतो. एक जाड कापडी पट्टी खाली सारली की थांबतो. पण बॉयलर दोन तासांपूर्वी बंद झाला होता. टक. पाळण्याखाली. टक. दाराखाली. थोडं थांबून बाहेर हॉलमध्ये, पायपुसण्याखाली.

निवणारा पाइप एका जागी टकटकतो. हे चालत होतं.

३

बेरेंड कोल्क भिंतीला भिंत लावून राहणारे. वय अठ्ठ्याहत्तर, एकटे. ओळीतल्या बाराही घरांची नळजोडणी कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली. बुधवारी सकाळी दहाला, कॉफीच्या ठोक्याला, ते नेहमीसारखे मागच्या दारानं आत आले.

"काय शेजारीण, पाइप गातोय म्हणे तुमचा?"

"गात नाही. चालतो."

"मग बूट घाल त्याला, थंडी पडलीय!" आपल्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. कॉफीबरोबर एक बिस्किट घेतलं आणि डब्याचं झाकण स्वतःच लावलं, पाहुण्यानं लावावं तसं. "वाउटर काय म्हणतो?"

"गाळ म्हणतो."

"तो त्याच्या लग्नातसुद्धा गाळच म्हणत होता."

हिस्के पाळण्यात गाढ झोपली होती. बेरेंड रेडिएटरपाशी वाकले, आवाज न करता, तीन पिढ्यांच्या झोपलेल्या मुलांच्या खोल्यांमध्ये काम केलेल्या माणसासारखे. वरच्या कडेला हात लावला, मान डोलावली. खालच्या कडेला लावला, मान डोलावली. मग मध्ये. आणि तो हात त्यांनी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

विनोद संपले.

"कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून. म्हणजे कालपासून."

"खाली काही केलंत? पोकळीत?"

"वाउटरनं पाइप गुंडाळले ना, फोमच्या नळ्या घालून."

"सगळे?"

"सगळे."

"हॉलखालचासुद्धा?"

"शेजारी, सगळे म्हणजे सगळे. काय झालं?"

बेरेंड तिच्याकडे बघत नव्हते. उघड्या दारातून हॉलमधल्या पायपुसण्याकडे बघत होते. त्याखाली फळ्यांचं चौकोनी झाकण होतं, पोकळीत उतरायचं.

"एक मीटर उघडा ठेवायचा असतो, पोरी. हॉलखाली. या ओळीत पूर्ण कुणी गुंडाळत नाही. बाराच्या बारा घरांत एक मीटर उघडा आहे."

"कशासाठी?"

"ठेवायचा."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही."

"तुम्ही जन्मभर नळजोडणी केलीत. कारण सांगा मला. पाइप गोठू नये म्हणून? ओल धरू नये म्हणून?"

"हां, ओल," ते इतक्या पटकन म्हणाले, की तिनं ओलीऐवजी उंदीर विचारले असते तरी त्यांनी हो म्हटलं असतं. "ओलच. आज काढ तो फोम. माझे गुडघे त्या भोकातून जात नाहीत आता, नाहीतर मीच गेलो असतो. उजेड आहे तोवर काढ. हिस्केला मी बघतो."

"बघते मी," मारिट म्हणाली. याचा अर्थ नाही, हे त्या भागात सगळ्यांना कळतं.

ते गेल्यावर ती कपबश्या धुवत उभी राहिली आणि स्वतःवरच चिडली. एका म्हाताऱ्या माणसानं हात झटकन मागे घेतला म्हणून आपण घाबरावं? विद्यापीठात संख्याशास्त्राच्या दोन परीक्षा दिल्यात आपण. एक वाईट गेली होती, पण दिल्यात.

खोलीत परत आली तेव्हा हिस्के जागी होती आणि रडत नव्हती. तिचा उजवा पाय पाळण्याच्या गजांमधून बाहेर, रेडिएटरकडे गेलेला होता. पायात मोजा नव्हता. मारिटनं पाऊल मुठीत धरलं. ते नळाच्या तोटीइतकं गार होतं. डावं पाऊल पिवळ्या मोज्यात उबदार.

दुसरा मोजा पाळण्यात नव्हता. पाळण्याखाली नव्हता, पांघरुणात नव्हता, तिच्या स्वतःच्या बाहीत नव्हता (तिथे पूर्वी सापडलेत). तिनं गुडघे टेकून रेडिएटरखाली पाहिलं. पाइप जिथे लाकडी जमिनीतून वर येतो तिथे एक पांढरी प्लास्टिकची चकती बसवलेली असते, भोक झाकायला. ती चकती पाइपावर चार बोटं वर सरकवलेली होती. भोकाच्या काठावरच्या कुसळात पिवळ्या लोकरीचा एक धागा अडकला होता. धाग्याचं टोक खाली गेलं होतं.

४

दहा मिनिटांत बाबागाडी बेरेंडच्या दारात होती.

"एक मीटर," मारिट म्हणाली. "देते. कारण नका सांगू, पण देते. हिला तासभर ठेवा."

"शहाणी आहेस," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका बघून तिला बरं वाटायला हवं होतं.

पायपुसणं बाजूला, झाकण वर. कपाळाला दिवा, खिशात कटरचं पातं. पोकळीची उंची जेमतेम गुडघाभर. खाली पांढरी कोरडी वाळू, डोक्यावर फळ्यांचं पोट, आणि त्याला टांगलेल्या वाउटरच्या करड्या फोमच्या नळ्या, प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी, खरंच फोटो पाठवण्यासारखं काम. ती कोपरांवर सरकत हॉलच्या मध्यापर्यंत गेली. हवा भिंतीतल्या जाळ्यांमधून येत होती. वास वाळूचा होता, आणि थोडा पितळी नळाला येतो तसा.

पहिल्यांदा तिला फोमवरच्या रेघा दिसल्या. उंदीर फोम कुरतडतात, तुकडे पडतात. हे तुकडे पडलेले नव्हते. चार चार समांतर रेघा, लांब, घाई न करता ओढलेल्या. चिकटपट्टी कुठेही तुटली नव्हती. ती उघडायची कशी हे ओढणाऱ्याला कळलं नसावं.

मग तिनं दिवा खाली वळवला.

पाइपाला अगदी लगटून वाळूत एक खळगा होता. माणूस कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपला तर पडेल एवढा, पण माणसापेक्षा लांब. त्याचा तळ दगडासारखा घट्ट झाला होता, इतक्या वर्षांचा. वरचं टोक, तोंड असेल ते, पाइपाच्या अगदी खाली होतं. मारिटला क्षणभर, आणि या गोष्टीची तिला नंतर लाज वाटली, दया आली. हिवाळाभर एक मीटर तांबं कवटाळून झोपणाऱ्या कशाचीही येईल. वाउटरनं ऑगस्टमध्ये त्याचं पांघरूण काढून घेतलं होतं. ठीक आहे. कापते फोम. घे तुझी ऊब.

तिनं पातं उघडलं आणि त्या उजेडात तिला दुसरा खळगा दिसला.

मोठ्याच्या आतल्या बाजूला, छातीपाशी येईल असा. हा नवा होता. वाळू ओलसर करून थापून गुळगुळीत केलेली. त्यात वाटाण्याएवढे फोमचे कण अंथरलेले होते, दाट, सारखे. लांबी हिस्केची. खालच्या टोकाला, पाय येतील तिथे, पिवळा मोजा नीट पसरून ठेवला होता.

मारिट किती वेळ तशीच पडून राहिली ते तिला सांगता येणार नाही. दया जशी आली होती तशीच गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीसारखं नव्हतं. भीती तिला चांगली ओळखीची होती. रोज भेटायची. ही दुसरी कुणीतरी होती.

तिनं मोजा उचलून खिशात घातला, आणि त्या छोट्या खळग्यातली वाळू दोन्ही हातांनी विस्कटून टाकली.

"एक मीटर नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "एक बोटसुद्धा नाही."

५

चालू पाइप कापायचा तर घाई करून भागत नाही. हिस्केला आणायला ती गेली नाही. या घरापेक्षा जगातली कुठलीही जागा आत्ता बरी, असा तिचा हिशेब होता.

बॉयलर बंद करून प्लग काढला. सगळ्यात खालच्या तोटीला नळी लावून तिचं दुसरं टोक अंगणातल्या गटारात सोडलं, आणि वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचे स्क्रू उघडले, कारण वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी सुटत नाही. काळं पाणी पंचवीस मिनिटं वाहत होतं. तेवढ्यात तिनं वाउटरची पेटी उपसली. जुन्या न्हाणीघराचं सामान त्यानं टाकलं नव्हतं, देव त्याचं भलं करो. पाइप कटर, नट आवळायचे दोन पाने, पाइपाचं तोंड कायमचं बंद करायच्या दोन पितळी टोप्या.

पुन्हा खाली. पुढच्या खोलीकडे आणि हॉलकडे जाणारी जोडी जिथे फुटते तिथे तिनं फोम फाडला. कटर पाइपाला बसवायचा, एक फेरा, मूठ किंचित आवळायची, पुन्हा फेरा. एकदम आवळलं तर तांबं चेपतं आणि टोपी धरत नाही. पहिला पाइप तुटला तेव्हा बाहीत कपभर पाणी आलं. कापलेलं तोंड आतून घासून घेतलं. नट, कडी, टोपी. एक पाना धरून ठेवायला, दुसरा फिरवायला. दुसऱ्या पाइपाचंही तेच. मग फाट्याच्या बाजूनं मोजून एक मीटरवर पुन्हा कापलं. तुकडा वाळूत पडला.

काम चांगलं झालं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला खात्री होती, कुणी नक्की का विचारलं तरी.

टक.

तिनं मान वळवली, दिवाही त्याबरोबर वळला. बेरेंडच्या बाजूच्या भिंतीत, पायाच्या विटांमध्ये, हवेसाठी एक लांबट भोक ठेवलेलं होतं. त्यातून एक हात आला.

घाई नव्हती त्याला. कोपर यायच्या जागी कोपर आलं नाही, तो येतच राहिला. तळवा मेलेल्या पाइपावर टेकला, उचलला, वीतभर पुढे टेकला. मारिटनं ती हालचाल ओळखली. रोज सकाळी रेडिएटरवरून तिचा स्वतःचा हात तशीच ऊब शोधत फिरायचा. तळवा कापलेल्या टोकापाशी पोचला. बोटांनी टोक चाचपलं. आतला पोकळ अंधार चाचपला. थांबला.

मग तो पोकळीत उरलेल्या एकमेव गरम वस्तूकडे वळला.

झाकण तिच्यापासून तीन हातांवर होतं. तिथे पोचायला पाठ फिरवावी लागली असती, आणि पाठ फिरवायला तिची तयारी नव्हती. तिनं मीटरभराचा तुकडा उचलला आणि त्या तळव्यावर आदळला.

"हा घे तुझा मीटर," ती म्हणाली. दात वाजत होते, पण शब्द नीट आले. "गार आहे. इथे आता सगळं गारच मिळेल तुला. माझी पोर नाही मिळणार."

बोटं तांब्याभोवती मिटली. एकेक करून, हिस्केची मिटतात तशी. थोडा वेळ दोघं त्या तुकड्याची दोन टोकं धरून होती. मग हात मागे जाऊ लागला, तुकड्यासकट, आला तसाच लांबत लांबत, विटांमधल्या भोकातून पलीकडे.

पलीकडे, बेरेंडच्या हॉलखाली. जिथे एक मीटर उघडा होता आणि बॉयलर चालू होता.

ती सरकत, खरचटत झाकणाबाहेर आली तेव्हा तिला हा विचार पूर्ण करायचीही गरज उरली नव्हती.

६

बेरेंडचं पुढचं दार उघडंच होतं. बाबागाडी हॉलमध्ये होती. पायपुसण्यावर.

"श्श," बेरेंड खुर्चीवरून म्हणाले. "इथे छान झोपते ती. सगळ्यात उबदार जागा आहे घरातली." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, केसांतल्या वाळूकडे, ओल्या बाहीकडे. "काय केलंस तू?"

मारिटनं हिस्केला उचललं. पोर गरम होती, ओठांवर झोपेचा बुडबुडा होता. बाबागाडीला लाथ मारून तिनं ती भिंतीकडे ढकलली आणि पायपुसण्यावर स्वतः उभी राहिली.

"कापला. दोन्ही बाजूंनी बंद केला."

"अगं पोरी, एक मीटर द्यायचा होता फक्त!"

"खाली माझ्या मुलीसाठी जागा केली होती, शेजारी. मापानं. तुम्हाला माहीत होतं?"

बेरेंडनी रिकाम्या बाबागाडीकडे पाहिलं. "एकोणऐंशीच्या हिवाळ्यात," ते म्हणाले, "नवा फोम आला होता बाजारात. या ओळीत सगळ्यात आधी मी घातला. सगळ्या पाइपांवर, नीट, एक बोट न सोडता. आमची आलेइडा चार महिन्यांची होती."

त्यांना मूल होतं हे मारिटला आज कळत होतं.

"तेव्हापासून ठेवतो उघडा. सगळ्यांना ठेवायला लावला. पुन्हा या ओळीत काही झालं नाही. एवढंसं द्यायचं, तर गप्प राहतं ते."

"आणि गेलं?"

"काय?"

"पंचेचाळीस वर्षं ऊब दिलीत. बारा घरांनी. गेलं का ते?"

पायाखाली फळी गरम होती. तळव्यांना, ओल्या मोज्यांतून, सुखद लागावी इतकी गरम.

"तुम्ही त्याला गप्प नाही ठेवलंत," ती म्हणाली, आणि हिस्के जागी होऊ नये म्हणून हळूच म्हणाली. "पाळलंत. बॉयलर बंद करा तुमचा."

"मारिट..."

"बंद करा. मग कटर द्या, माझा खाली राहिलाय. हिला घेऊन तुम्ही बाहेर रस्त्यावर उभं राहायचं. उन्हात. कुणाच्याही घरात जायचं नाही. मी उतरते."

"एकटी? ते खाली असताना?"

"मी आत्ता तिथूनच आलेय."

"बारा घरं आहेत."

"मोजता येतं मला. अकरा उरली. तुमच्या घरानंतर तुम्ही पुढे चालायचं आणि प्रत्येक दारात हेच सांगायचं, आलेइडाचं सुद्धा. मी मागून येते."

तिला वाटलं, आता बेरेंड नाही म्हणणार, आणि ते नाही म्हणाले तर पुढे काय, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर जोर दिला, उठले, आणि माळ्यावर बॉयलर होता त्या उभ्या जिन्याला लागले. एकेक पायरी. गुडघे कुरकुरत होते ते खालपर्यंत ऐकू येत होतं.

वर घरघर थांबली. घर एकदम शांत झालं. पाइप निवू लागले.

टक, भिंतीत. टक, जिन्याखाली. टक, अगदी जवळ. मग पायपुसण्याखालचं झाकण वर आलं, दोन माणसांच्या वजनासकट, बोटभर. त्या फटीतून बाहेर आलेली हवा तिच्या घोट्यांना लागली. मारिटनं हिस्केचं डोकं आपल्या मानेत दाबून धरलं, टाच उचलली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून खाली आपटली.

झाकण बसलं. तिनं श्वास रोखून ऐकलं.

खाली वाळूत काहीतरी, पहिल्यांदाच, मागे सरकलं.